उद्याचा वापसा

आमच्या घरात मुहूर्त पाहत नाहीत. बसव मताची माणसं आम्ही. सगळे दिवस सारखे, सगळ्या घटका चांगल्या आणि काम हीच पूजा, हे ऐकतच मोठे झालो. माझं लग्नसुद्धा भर दुपारी लागलं, तेही आधी जेवणं उरकून, कारण पाहुणे लांबून आले होते आणि भुकेले होते. अशा घरातली मुलगी सरकारी नोकरीत शिरली आणि करायला काय लागली, तर पुढच्या वीस वर्षांत जगात काय काय होणार ते सांगायला! वडिलांना माझ्या कामाचा पहिल्यांदा उलगडा झाला तेव्हा आम्ही आळंदजवळच्या आमच्या गावी, मादन हिप्परग्याच्या शेतात बांधावर बसलो होतो. त्यांनी तुरीची एक शेंग सोलून तोंडात टाकली. मग म्हणाले, "म्हंजे आमी पंचांग घराभाईर काढलाव, आन् तू त्येच सरकारच्या घरात नेऊन ठिवायलीस व्हय?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता निवृत्त होऊन बिदरला राहते, तरी शेजारणी विचारतात, "म्याडम, तुमी नेमकं काय करत होताव?" कुणी शाळेत होतं, कुणी बँकेत होतं, ते सांगता येतं. मी काय सांगू? मी उद्यामध्ये होते. दुपारी जेवण झाल्यावर पडल्या पडल्या मला ती सगळी वर्षं आठवतात तेव्हा नोकरी केल्यासारखं वाटतच नाही, लांबलचक स्वप्न पडून गेल्यासारखं वाटतं. पण त्या स्वप्नाचा पगार मिळत होता, तेव्हा ते काय होतं हे सांगणं भाग आहे.

आमचा कक्ष दिल्लीत एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला होता. खिडकीबाहेर कडुनिंब, आत पंखा आणि टेबलावर जगभरचे आराखडे. नवं तंत्रज्ञान कुठं उगवतंय ते हेरायचं आणि आपल्या देशानं त्यातल्या कशावर संशोधन करावं, कशाच्या नादी लागू नये, हे ठरवायला मदत करायची, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. श्रीमंत देशांना ते सोपं असेलही. त्यांच्या प्रयोगशाळा आजोबांच्या काळापासून उभ्या. आपल्यासारखे देश कारखान्यांच्या पंगतीला उशिरा येऊन बसलेले. आपण पाट ओढून बसतो तोवर वाढपी ताकाची भांडी घेऊन फिरत असतात. मग घाई होते. शेजारच्या पानात काय आहे ते बघायचं आणि "मलाही तेच वाढा" म्हणून ओरडायचं.

खरंच सांगते, आमचं निम्मं काम असंच चाले. अमुक देशानं आपल्या आराखड्यात दहा विषय घातले, की आपल्याकडेही तेच दहा विषय, फक्त क्रम बदलून. कुणी म्हणे, संशोधन कशाला, यंत्रं विकत आणू, उघडून बघू, शिकू. कुणी म्हणे, स्क्रूपासून सगळं इथंच करू, बाहेरचं काही नको. दोन्ही बाजूंची माणसं हुशार, दोन्हीकडचे आवाज मोठे. मी त्यांच्या मधे बसून चहा मागवीत असे.

यातून वाट काढायला मला आमच्या रानातला एकच शब्द कामी आला: वापसा. पाऊस होऊन गेला की रान इतकं ओलं असतं की पाय रुततो, औत चालत नाही. फार थांबावं तर जमीन आवळून येते, फाळ आत शिरत नाही. मधे थोडा काळ असा येतो की माती मुठीत घेतली तर चिकटत नाही आणि उडूनही जात नाही. तो वापसा. पेरायचं ते तेव्हा. नव्या तंत्रज्ञानालाही असा काळ असतो. ते अगदी कोवळं असतं तेव्हा कुणालाच काही उमगत नाही. जून झालं की मोठ्या कंपन्यांनी सगळं शिवार वाटून घेतलेलं असतं. मधल्या थोड्या दिवसांत लहानमोठे सगळे एकाच बांधावर उभे असतात. उशिरा आलेल्या देशाला तेवढीच संधी. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "असं सांग की मग," ते म्हणाले. "मुहूर्त पंचांगात बघत्यात. वापसा मातीत हात घालून बघावं लागतंय." त्या दिवसापासून माझी नोकरी घरात मान्य झाली.

मातीत हात घालायची आमची रीत अशी: जाणकारांना वेगवेगळं गाठायचं आणि विचारायचं, अमुक गोष्ट आपल्याकडे कधी साधेल, कुणाच्या उपयोगी पडेल. सगळ्यांची उत्तरं नावं न सांगता सगळ्यांना ऐकवायची आणि पुन्हा विचारायचं. कुणी बदलतं, कुणी अडून बसतं. दोन-तीन फेऱ्यांत धुकं जरा विरळ होतं. नावं लपवायची ती अशासाठी, की मोठ्या माणसाच्या दबदब्याखाली लहानानं मान डोलावू नये.

या फेऱ्यांत नमुने भेटले. एक प्राध्यापक होते, विद्वान माणूस, आवाज तंबोऱ्यासारखा. कुठलाही विषय काढा, स्वतःच्या विषयाला ते म्हणायचे, "दहा वर्षांत नक्की." दुसऱ्याच्या विषयाला, "या शतकात तरी नाही." नावं कितीही लपवा, त्यांचं उत्तर आम्ही डोळे मिटून ओळखत असू. एक उद्योगपती होते, ते म्हणायचे, "मॅडम, ते सगळं राहू द्या, शेजारचा काय घेतोय तेवढं सांगा." आम्हीही काही कमी नव्हतो. तालुक्या-तालुक्यात फॅक्स पोचणार असं आमच्या एका जुन्या आराखड्यात झोकात छापलेलं होतं, आणि तो छापून हातात पडेपर्यंत लोक फॅक्सच्या यंत्रावर कुंड्या ठेवू लागले होते. मी तो आराखडा फेकला नाही. गर्व चढला की उघडून बघायची.

एकदा अभ्यासासाठी पूर्वेकडच्या एका देशात गेले होते. आपल्यानंतर निघून आपल्यापुढे गेलेला देश. तिथल्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं मला बागेत फिरवलं. मी विचारलं, तुमचे आराखडे इतके बरोबर कसे आले? ते हसायला लागले. म्हणाले, कुठले बरोबर, बहुतेक चुकले. पण ज्यांना आम्ही कामाला लावलं ती माणसं आम्ही पांगू दिली नाहीत, तीच पुढे दुसऱ्या कामाला आली. तळ्यात माशांना खायला टाकत ते हे बोलत होते आणि मला आपलं वाटत होतं की हे सगळं खरं नाही, मी हिप्परग्याच्या विहिरीच्या काठावर बसले आहे.

त्यानंतर काही वर्षांनी माझी ती फेरी माझ्याच भागात आली. सीमाभागातून काय घ्यावं हे विचारायला कक्षानं बिदरला बैठक ठेवली आणि मला धाडलं. तिथं माझी नीलम्माशी गाठ पडली.

नीलम्मा बिदरजवळच्या कमठाण्याची. रसायनात मोठं शिक्षण घेतलेलं, परदेशात काही वर्षं काम केलेलं, आणि मग सगळं सोडून बिदरलाच लागून असलेल्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये येऊन बसलेली. बाजूला गोदामं, समोर ट्रक धुवायची जागा, आत हिची भट्टी. ती करत होती बॅटरी. मोबाइलात आणि गाड्यांत असते ती बॅटरी लिथियमची. लिथियम आपल्याकडे जेमतेम. सोडियम मात्र मिठातच असतं. सोडियमची बॅटरी जरा जड होते, पण स्वस्त पडू शकते. तिच्या एका अंगाला एक खास कोळसा लागतो, आणि तो कोळसा नीलम्मा तुराट्यांपासून करत होती. तुरीच्या शेंगा झोडपून घेतल्यावर उरतात त्या काटक्या, आमच्याकडे चुलीत जातात नाहीतर बांधावर जळतात. हवा लागू न देता त्या भाजायच्या, धुवायच्या, पुन्हा भाजायच्या. तिनं एका काचेच्या बरणीतला कोळसा माझ्या तळहातावर ओतला. काळा, हलका, रेशमासारखा. "अक्का, ह्ये आपल्या रानातलं हाय," ती म्हणाली. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून त्या कोळशावर पडलं होतं आणि मला वाटलं, वापसा वापसा म्हणून मी इतकी वर्षं जे सांगत होते, ते हेच.

जगात तेव्हा या बॅटरीचं कुणाचंच पक्कं बसलेलं नव्हतं. लहानमोठे एकाच बांधावर होते. पण शेडला मिळत असलेली सरकारी मदत संपत आली होती. आराखड्यात विषय आला तर काम चालणार, नाही आला तर शेडला कुलूप. बेंगळुरूच्या एका कंपनीनं नीलम्माला बोलावणं धाडलेलंच होतं, आणि तिथं हा कोळसा कुणालाच नको होता.

बैठक कोळारच्याच एका सभागृहात भरली. आसपासच्या गावांतले शेतकरी, व्यापारी, वसाहतीतले छोटे कारखानदार असे सगळे आले. माझ्या शेजारी दिल्लीचे वरिष्ठ साहेब, त्यांच्या कानाशी दुभाषी. गावकऱ्यांतर्फे बोलायला उभे राहिले बंडेप्पा अण्णा. कमठाण्याचे शेतकरी, बिदरच्या बाजारात तुरीची अडत, पांढरं धोतर, कपाळाला विभूती, शब्दाला वजन असलेला माणूस. आणि नीलम्माचे वडील.

मला वाटलं, झालं काम.

बंडेप्पा अण्णा स्वच्छ कानडीत बोलले. "नमगं फॅक्टरी बेकु, सर." आम्हाला फॅक्टरी पाहिजे. बॅटरीचे तयार भाग बाहेरून येऊ देत, इथं जोडायचा कारखाना टाका, पोरांना काम मिळेल. संशोधनाचं काय ते मोठ्या शहरांत होऊ दे. एवढं बोलून ते बसले. बाकीच्यांनी माना डोलावल्या, एकानंही वेगळं सांगितलं नाही. नीलम्मानं कोळशाची बरणी बरोबर आणली होती. तिनं ती पिशवीत ठेवली आणि पिशवीचं तोंड आवळलं.

साहेब खूश झाले. "इतकं स्वच्छ एकमत मी आजवर पाहिलं नाही," ते मला म्हणाले. "इथं दुसऱ्या फेरीची गरजच नाही."

दुपारी शेडवर गेले तर नीलम्मा भट्टी विझवून बसली होती. "अक्का," ती म्हणाली, "माज्या सोताच्या अप्पांनाच वाटंना की ह्यातून काय तर व्हईल. मग तुमच्या दिल्लीला कामून वाटावं?" मी काही समजूत घालायला गेले, तिनं मानेनंच नको म्हटलं. "मी जाते बेंगळुरूला. तितं निदान कुणी आपलं नसतंय."

मला मात्र ते एकमत पचत नव्हतं. मी त्याच मातीतली. आमच्याकडं माणूस तीन भाषा बोलतो, आणि प्रत्येक भाषेचं काम वेगळं. कानडी कचेरीत, साहेबासमोर. तिथं मागायचं ते साहेबाला देता येईल असंच, रस्ता, फॅक्टरी, नोकरी. बाजारात निजामाच्याही आधीपासून चालत आलेली दखनी, तिथं फायदा-तोटा. आणि घरात मराठी. एकच माणूस तीन ठिकाणी तीन उत्तरं देतो आणि तिन्ही खरी असतात. दिल्लीच्या साहेबांनी त्यातलं एकच ऐकलं होतं. मी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि मागे राहिले.

आधी बाजारात गेले. बंडेप्पा अण्णा अडतीवर गादीला टेकून बसले होते, समोर तुरीची रास, बाजूला दोन व्यापारी. बैठकीत मला म्याडम म्हणणारा माणूस इथं म्हणाला, "आव बहेन, बैठो." मी विचारलं, नीलम्माच्या कामाचं काय वाटतं? त्यांनी तुरीत हात घातला, दाणे खाली सोडले. "नवा माल है बहेन. पैले दुसरे लोगां लेने देव, बाद में देखेंगे." व्यापारी हसले, मीही हसले. पक्क्या व्यापाऱ्याचं उत्तर, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मग दुसऱ्या दिवशी कमठाण्याला त्यांच्या घरी गेले. लाल माती, उन्हात न्हालेली गल्ली, दारात गाय. त्यांच्या बायकोनं, कस्तुराक्कांनी, ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण आणि शेंगांची चटणी वाढली. जेवण झाल्यावर हात धुवायला परसात गेले आणि थबकले. भिंतीला लागून तुराट्यांची भली मोठी गंज रचलेली होती. आमच्याकडे गंज असतेच, पण ही चुलीसाठी रचलेली नव्हती. काटक्या एका मापाच्या, साल न दुखावता तोडलेल्या, खाली फळ्या, वर ताडपत्री.

"चुलीला एक काडी हात लावू देत न्हाईत," कस्तुराक्का म्हणाल्या. "मी ग्यासवर करायलेय सगळं. लेकीला लागतील म्हणून ठिवल्यात. तिला सांगितलं बी न्हाई."

बंडेप्पा अण्णा ओट्यावर येऊन बसले. घरात ते मला अक्का म्हणत होते. मी पदराला हात पुसत शेजारी बसले. वारा सुटला होता, गंजीवरची ताडपत्री हळूहळू फडफडत होती.

"अक्का, मला एक सपान पडतंय," ते आपणहून म्हणाले. "लई दिसांपासनं. तुरी काढून झाल्यात, रान मोकळं हाय. आन् हितनं पार आळंदपत्तूर बांधाबांधाव तुराट्याच्या गंजी उभ्या हायेत. आन् त्या उजळायल्यात. जळायल्या न्हाईत बरं का, उजळायल्यात. आतनं. धूर न्हाई, काय न्हाई. मी आपला रानातनं चालायलोय, आन् पायाखालचं सगळं दिसायलंय."

मलाही तो उजेड दिसल्यासारखा झाला. इतक्या विद्वानांना मी उद्याबद्दल विचारलं होतं. असं कुणी सांगितलं नव्हतं.

"मग अण्णा, बैठकीत ह्ये कामून सांगितलं न्हाई?" माझ्या तोंडूनही घरचीच भाषा आली.

ते चमकून माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी अशोभनीय विचारलं असावं तसं. "आवो, ती माजी लेक हाय!"

"म्हणूनच की."

"म्हणूनच न्हाई," ते म्हणाले. "चार गावांनी मला बोलायला उबं केलं. आन् मी काय, माज्या लेकीसाठी मागू? गावाच्या तोंडातनं सोताच्या घरासाठी मागनारा मानूस कसला मानूस?"

कस्तुराक्का आतून म्हणाल्या, "लेकीचं कवतिक सोताच्या तोंडानं करू न्हाई. दिष्ट लागतीय."

मी कपाळावर हात मारून घेतला. माणूस प्रामाणिक राहायला गेला, आणि त्याच्या प्रामाणिकपणानं त्याच्या पोरीची शेड बंद पडत होती. बाकीच्या गावकऱ्यांनी माना डोलावल्या त्याही याचसाठी: बापच मागत नाही, तर आपण मधे पडून त्याला अवघड कशाला करा! असं एकमत आमच्याच मुलुखात होऊ शकतं.

मी त्यांना खूप विनवलं. पुढच्या बैठकीत एवढं सांगा. ते हलले नाहीत. मी सांगू का, म्हटलं. "न्हाई. माज्या घरात आयकलेलं भाईर सांगनार असशाल तर पुन्ना जेवायला येऊ नगा." हे त्यांनी हात जोडून सांगितलं, त्यामुळं जास्तच बांधली गेले.

तिथून हिप्परग्याला माहेरी जाताना बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली दिसत होती, पिवळी, वाऱ्यावर एकदम एका बाजूला कलणारी. डोळ्यावर झापड होती. मनात ते तंबोऱ्यासारख्या आवाजाचे प्राध्यापक आले, स्वतःच्या विषयासाठी सगळं ओढून घेणारे. त्यांच्या शेजारी बंडेप्पा अण्णा येऊन बसले, स्वतःच्या लेकीसाठी काहीच न मागणारे. आणि अर्धवट झोपेत मला दिसलं की दोघांचं औषध एकच आहे.

दुसरी बैठक घ्यायला साहेब नाखूश होते, पण आले. मी नियम सांगितला: आज कुणीही स्वतःच्या गावासाठी, स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या धंद्यासाठी मागायचं नाही. दुसऱ्या गावचं काय भलं व्हावं ते सांगायचं, आणि ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. साहेबांना मी इंग्रजीत सांगितलं की यानं उत्तरांतला स्वार्थ गळून पडतो. ते खोटं नव्हतं. संकोचही गळून पडतो, हे सांगायचं राहून गेलं.

मग मादन हिप्परग्याच्या शिवलीलाबाई उठल्या, स्वतः शेती करणाऱ्या, पदर खोचून बोलणाऱ्या. "आमच्या गावचं सांगायचं न्हाई ना? मग कमठान्याचं सांगते. त्या गावच्या लेकीनं तुराटीतनं काय तर काडलंय म्हनं. आमी आजवर जाळलाव त्येच. तिला हितंच राहू द्या. फ्याक्टरी काय, भाईरचं सामान यायचं बंद झालं की फ्याक्टरी बी बंद. हिचं सामान आमच्या रानात हाय." मग आणखी एक उठला, मग आणखी एक. दखनी, कानडी, मराठी, सगळं एकात एक मिसळलं. दुभाष्यानं शेवटी हात टेकले. बंडेप्पा अण्णा मान खाली घालून ऐकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते हिप्परग्यासाठी बोलले. "त्यांच्या रानात तूर उबीच्या उबी वाळायलीय, मर रोग लागलाय. त्याच्यावर काय तर शोधा." लेकीकडं त्यांनी बघितलंही नाही.

आराखडा निघाला. मोठी प्रयोगशाळा मोठ्या शहरालाच गेली, ते व्हायचंच होतं. पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, सोडियमची बॅटरी आणि शेतातल्या काटक्यांचा कोळसा आला, आणि कोळारच्या शेडला काही वर्षांची मदत मिळाली. हिप्परग्याची मर मात्र आली नाही. मी भांडले, पण तो विषय उगवता नाही, जुना आहे, असं मला सांगण्यात आलं. माझंच गाव, माझंच खातं, आणि मला तेवढं करता आलं नाही. वडील विचारायचे, "तुरीचं काय झालं गं?" मी विषय बदलायची. ते वारेपर्यंत मी तो बदलतच राहिले.

नीलम्मा बेंगळुरूला गेली नाही. पण वडिलांशी तिचं बोलणं कामापुरतंच राहिलं. परसातल्या तुराट्या तिच्या शेडवर येत राहिल्या. आणणारा कोण आहे ते तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी दिलेला शब्द पाळून गप्प होते. निवृत्त झाल्यावर कधी शेडवर जायचे तेव्हा ती चहा द्यायची आणि मधेच म्हणायची, "हिप्परग्याच्या लोकांनी वाचीवलं मला. घरच्यांनी न्हाई."

गेल्या हिवाळ्यात मदतीची मुदत पुन्हा संपली. कक्षातून नवी माणसं आली, तरुण, भराभर बोलणारी. मला पाहुणी म्हणून मागच्या खुर्चीवर बसवलं. पुढं टेबलावर नीलम्माची बॅटरी, शेडमध्ये घडलेली, आणि तिच्यावर एक छोटा पंखा फिरत होता. शेड चालू राहिली का, हे आधीच सांगून टाकते: राहिली. मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, पण मिळालं. मला सांगायचंय ते त्या बैठकीतलं.

नियम माझाच होता, दुसऱ्यासाठी मागायचा. नव्या मंडळींना तो आवडला होता. बंडेप्पा अण्णांचं नाव पुकारलं. आता काठी टेकत चालतात. ते उभे राहिले आणि आधी माझ्याकडं वळले.

"अक्का," भर सभेत, मराठीत, "तुमचा नेम मोडायलोय. माप करा."

मग साहेब लोकांकडं तोंड केलं. त्यांना मराठी समजत नव्हती, कानडीच्या तयारीनं आलेला दुभाषी गोंधळला. अण्णा थांबले नाहीत. "ही नीलम्मा माजी लेक हाय. मी तिच्यासाठी मागायलोय. दुसऱ्या कुनासाठी न्हाई. मागल्या टायमाला मागायला पायजे हुतं, मागितलं न्हाई. लाज वाटली. मला सपान पडतंय, ती जे करायलीय त्याचं. मी म्हातारा झालो, माज्या डोळ्यानं बघायचंय." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुमी द्या, नका देऊ. मी मागितलं, येवढं लिहून घ्या."

नीलम्मा आपल्या जागेवरून उठली, त्यांच्यापाशी गेली, त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि शेजारी बसली.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, पण मागच्या खुर्चीवर मला ऐकू आलं, "तुराट्या तुमीच आनून टाकायलाव न्हव?"

"व्हय."

"मला ठावं हुतं."

अण्णांनी डोळे पुसले. "मग चुकलं का माजं, आज असं मागितलं ते?"

"न्हाई," ती म्हणाली. "पर लई उशीर केलाव."

टेबलावरचा पंखा फिरत होता. ती दोघं त्याच्याकडे बघत बसली, आणि दुभाषी अजून साहेबांना शब्द शोधून देत होता.